‘हे आमचं नाही’ असं त्या बाई का म्हणाल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लहानपणापासून घरात ‘जंबालाया’ हे अमेरिकन गाणं वाजत आलंय, लग्नाकार्यात त्यावर सगळे नाचतात. ह्यूस्टनला मुलीकडे गेलात तेव्हा शेजारच्या बाई मूळच्या लुइझियानाच्या, घरी फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबातल्या आहेत असं कळलं, म्हणून तुम्ही मुद्दाम त्यांच्यासाठी ते लावलंत. बाई हसल्या, पायानं ताल धरला, पण गाणं संपल्यावर म्हणाल्या, हे आमचं नाही. तुम्ही विचारता की गाण्यात सगळी नावं लुइझियानाचीच आहेत, मग असं का? आणि आपण इतकी वर्षं त्यावर नाचलो ते काय चुकीचं समजून?

मी फोंड्याचा. पस्तीस वर्षं बास गिटार वाजवतोय. त्यातली अकरा वर्षं जहाजांवरच्या बँडमध्ये गेली, बाकीची गोव्यातल्या लग्नांत. कॅथलिक लग्नात जाइव्ह या उडत्या नाचाचा सेट सुरू झाला आणि ‘जंबालाया’ आलं नाही असं फार क्वचित झालं असेल. त्यामुळे या उत्तरातलं निम्मं स्टेजवरून माणसं बघून कळलेलं आहे आणि निम्मं या गाण्याच्या मागे लागून शिकलेलं.

माझं मत आधी सांगून टाकतो. त्या बाईंचा पाय खरं बोलला आणि तोंडही खरंच बोललं. चाल त्यांची आहे, शब्द पाहुण्याचे आहेत.

पायाचं आधी बघू. आख्ख्या गाण्यात कॉर्ड दोनच. सी मध्ये वाजवलं तर सी आणि जी सेव्हन, तिसरी नाही. आठ बारांचा, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांचा, एक तुकडा: पहिले दोन बार सी, मधले चार जी सेव्हन, शेवटचे दोन परत सी. कडव्यालाही तेच आणि धृपदालाही तेच. बासवाल्यानं सी वर सा-प, सा-प वाजवायचं, जी वर प-रे, प-रे. नव्या पोराला हे कंटाळवाणं वाटतं, तो मध्ये एखादी सजावट घालतो, आणि मी डोळ्यांनी पाहिलंय, तेवढ्यानं फ्लोअर ढिला पडतो. या गाण्याची खरी जादू मधल्या चार बारांत आहे. कान सा वर परतायला आसुसलेला असतो आणि गाणं त्याला अडवून धरतं. दोन बार झाले, तीन झाले, आता तरी? नाही, अजून एक. आणि मग सी येते तेव्हा पाय आपोआप जमिनीवर पडतो. हे इतक्या वेळा घडतं की ज्याला इंग्रजीचा गंध नाही तोही तिसऱ्या फेरीला गाण्याच्या पुढे जाऊन टाळी देतो.

स्टेजवरून याचा क्रम ठरलेला दिसतो. आधी टेबलाखाली बूट हलायला लागतात. मग ग्लासवर बोटं वाजतात. मग एखादी आजी नातवाचा हात धरून उठते. तरुण मंडळी सगळ्यात शेवटी येतात, आजी उठल्यावर.

या दोन कॉर्डी आल्या कुठून, त्यात तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. दक्षिण लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांचं मुख्य वाद्य म्हणजे छोटं अकॉर्डियन. उजव्या हाताला एका ओळीत दहा बटणं आणि डाव्या हाताला फक्त दोन चाव्या, एक खर्जाची आणि एक कॉर्डची. भाता दाबला की सी, ओढला की जी. डाव्या हातात तिसरी कॉर्ड नाहीच. आपल्याकडच्या पेटीवाल्याला हे नवल वाटेल, कारण पेटीत भाता कसाही हलवला तरी पट्टीचा सूर तोच राहतो. या वाद्यात एकाच बटणातून दाबताना एक सूर निघतो, ओढताना दुसरा. म्हणजे वाजवणाऱ्याला दर सुरासाठी भात्याची दिशा बदलावी लागते आणि त्या खेचाखेचीतूनच तो उसळता ताल तयार होतो. सोबत फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि लोखंडी सळीचा वाकवलेला त्रिकोण, बस्स. घराघरांतल्या नाचांसाठी एवढ्यावर रात्र निघायची. ‘जंबालाया’च्या तबकडीत अकॉर्डियनचा एक सूरही नाही, तरी ज्या चालीवर ते उभं आहे तिची हाडं या वाद्याच्या मापाची आहेत. त्या बाईंच्या पायानं ती ओळखली.

आता चाल कुणाची ते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस लुइझियानात चक गिलरी नावाच्या फिडलवाल्याच्या बँडनं ‘ग्रँड टेक्सास’ नावाचं फ्रेंच गाणं तबकडीवर आणलं. गायला होता पापा कैरो. त्याचं खरं नाव ज्युलियस लँपेरेझ, आणि तो स्टील गिटारवाला म्हणूनही नावाजलेला. त्या काळात तिथल्या बँडांतून अकॉर्डियन मागे पडलं होतं, फिडल आणि स्टील गिटार पुढे आले होते. गाणं साधं आहे: तू मला सोडून गेलीस, मोठ्या टेक्सासला गेलीस. ‘जंबालाया’ची चाल ती हीच. शेजारी शेजारी दोन्ही ऐकलीत तर मला काही समजवावं लागणार नाही.

टेक्सासच का, हेही सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व टेक्सासात तेल सापडलं आणि ब्यूमाँट, पोर्ट आर्थर भागात तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले. भातशेती, ऊस आणि मासेमारीवर जगणाऱ्या केजन घरांतली माणसं मजुरीसाठी सीमा ओलांडून तिकडे जाऊ लागली. कोकणातल्या घराला जशी मुंबई, तशी या लोकांना टेक्सास. त्यामुळे गाण्यातलं ‘मोठं टेक्सास’ म्हणजे माणसं गिळणारी जागा. जो गेला तो तिथलाच झाला.

आणि हे लोक आधीच एकदा उखडलेले होते. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागाला तेव्हा अकेडिया म्हणत. तिथे वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. दहा हजारांहून जास्त माणसं हाकलली गेली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत विखुरली. त्यातली काही १७६४-६५ पासून लुइझियानात येऊ लागली. १७८५ साली फ्रान्सहून सात जहाजं आली, त्यांत सुमारे १,६०० माणसं होती. अकेडियनचा ‘कादियाँ’ झाला आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘केजन’. न्यू ऑर्लिन्सच्या पश्चिमेला, दलदलीत आणि गवताळ रानात, ते आपली बोली सांभाळून राहिले. बाहेरचे लोक न्यू ऑर्लिन्स आणि केजन मुलूख एकच समजतात, पण शहर वेगळं आणि हा मुलूख वेगळा.

पुढचा भाग मला फार लागतो. १९२१ च्या लुइझियानाच्या राज्यघटनेनं सरकारी शाळांत इंग्रजीच चालेल असं ठरवलं. शाळेच्या अंगणात फ्रेंच बोललेल्या पोरांना मार बसायचा, शिक्षा म्हणून ओळी लिहाव्या लागायच्या. दोन पिढ्या अशा गेल्या. आईबापांनी ठरवून टाकलं की आपल्या वाट्याला आलं ते मुलांच्या नको, आणि घरात मुलांशी मोडकं का होईना, इंग्रजी बोलायला लागले. तुमच्या शेजारीणबाई साठीच्या पुढच्या असतील तर त्यांच्या आईनं हे सोसलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

हे मनात ठेवून १९५२ कडे या. ‘जंबालाया’ आणणारा कंट्री गायक हँक विल्यम्स अलाबामाचा. १९४८-४९ मध्ये तो श्रीव्हपोर्टच्या ‘लुइझियाना हेराइड’ या रेडिओ कार्यक्रमात गायचा आणि तिथूनच गाजला. पण श्रीव्हपोर्ट हा लुइझियानाचा वायव्य कोपरा, केजन मुलूख दूर दक्षिणेला. दौऱ्यावर त्यानं ही चाल ऐकली असणार, भावली असणार. शब्द रचण्यात मून मलिकन या टेक्सासच्या पियानोवाल्याचा हात होता असं मानलं जातं, पण गाण्यावर नाव हँकचं एकट्याचं आलं. १३ जून १९५२ रोजी नॅशव्हिलच्या कॅसल स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. फिडलवर जेरी रिव्हर्स, स्टील गिटारवर डॉन हेल्म्स आणि गिटारवर चेट अ‍ॅटकिन्स.

हँकनं काय केलं? जाणारी बाई काढून टाकली आणि तिच्या जागी जेवण मांडलं. जंबालाया म्हणजे मांस, सॉसेज, कोळंबी असं हाती येईल ते घालून एका भांड्यात शिजवलेला भात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, शेवंडीच्या जातीचा छोटा जीव. गंबो हा दाट रस्सा, आणि फिले म्हणजे सॅसफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, चोक्टॉ आदिवासींकडून घेतलेली. पिरोग ही सपाट बुडाची अरुंद होडी, काठीनं रेटत न्यायची. बायू म्हणजे चिखलाळ संथ पाणी. एक इवोन नावाची मुलगी, नातेवाइकांचा गोतावळा, रात्रभर मजा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक आख्खा गाव उभा राहतो.

पण ज्याच्या घरात ही भाषा आहे त्याला लगेच खडे लागतात. ‘मा शेर आमियो’ असं फ्रेंच कुणी बोलत नाही. ‘शेर आमी’ असायला हवं, हँकनं यमकासाठी शेपूट जोडलं. फाँतेनो हे तिथलं सर्रास आढळणारं आडनाव, ते त्याच्या गाण्याच्या कागदावर वेगळ्याच स्पेलिंगनं उतरलं. आणि गाण्याची सुरुवातच मोडक्या इंग्रजीत आहे, ‘मी गॉटा गो’. हँकच्या मनात चेष्टा नव्हती, असं मी आवाजावरून छातीवर हात ठेवून सांगेन. तो त्या घरी जेवला, तृप्त झाला आणि आनंदानं गातोय. पण ज्या बोलण्यासाठी शाळेत छडी बसली तेच बोलणं रेडिओवर गमतीचं म्हणून घराघरांत वाजायला लागलं, तर ऐकणाऱ्याला कसं वाटेल? त्या बाई ‘आमचं नाही’ म्हणाल्या त्यात मला हे ऐकू येतं.

उरलेल्या अमेरिकेनं मात्र गाणं डोक्यावर घेतलं. कंट्री संगीताच्या यादीत ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दारूपायी, कार्यक्रम बुडवल्यापायी, हँकला ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या मोठ्या रेडिओ कार्यक्रमातून काढलं गेलं. १ जानेवारी १९५३ ला ओहायोच्या कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर तो गेला. वय २९. ज्यांनी सप्टेंबरात हे गाणं नाचत ऐकलं, त्यांनी जानेवारीत तेच गाणं रेडिओवर ऐकलं तेव्हा त्यातला पहिलाच शब्द ‘गुडबाय’ आहे हे त्यांच्या लक्षात आलं असेल. मी स्वतः हे कळल्यापासून ती पहिली ओळ वाजवताना जरा दबून वाजवतो.

इतरांच्या आवृत्त्यांवर फार वेळ घालवत नाही. जो स्टॅफर्डनं १९५२ सालीच शहरी थाटात गाऊन पॉपच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. फॅट्स डॉमिनोनं न्यू ऑर्लिन्सचा पियानो चढवला, आणि मला विचाराल तर बाहेरच्यांपैकी नाचाचं मर्म त्यालाच सगळ्यात जास्त कळलं. कारपेंटर्स या भावंडांचं १९७३ चं गाणं ब्रिटन आणि जपानमध्ये चाललं. आपल्याकडच्या कित्येकांच्या कानात तेच आहे, पण ते फार स्वच्छ आहे, पायाला चिखल लागत नाही. ब्रेंडा ली मात्र सोडवत नाही. तिची डेका कंपनीची पहिली तबकडी १९५६ ची, वय ११. त्याआधी रेड फॉली या त्या वेळच्या मोठ्या गायकाच्या कार्यक्रमात तिला हे गाणं म्हणायला उभं केलं होतं. फॉलीनं नंतर सांगितलं की तिचा पाय ताल धरू लागला आणि आवाज फुटला तेव्हा आपण स्टेजवरून बाजूला व्हायचंच विसरलो. इवढुशी पोर, तिला जेवण-प्रेम-गावाचं काय कळणार? तिनं चाल गायली. लोक चालीला उठले.

केजन लोकांकडे परत येतो, कारण त्यांच्यातही एकमत नाही. कुणाला राग आहे की चाल घेतली आणि नाव दिलं नाही. कुणी म्हणतं, निदान जगाला आमच्या जेवणाची नावं तरी कळली. वाजवणारे व्यवहारी असतात, पाहुण्यांनी फर्माइश केली की वाजवतात. आणि काहींना हे गाणं मनापासून आवडतं, त्यांच्याही लग्नांत ते वाजतं. पण या सगळ्यांना ठाऊक आहे की त्यांचं स्वतःचं, त्यांच्या भाषेतलं गाणंसुद्धा बाहेर गाजू शकलं होतं. हॅरी चोट्स या केजन फिडलवाल्यानं १९४६ मध्ये ‘जोल ब्लाँ’ फ्रेंचमध्येच गायलं आणि ते टेक्सासभर, पुढे देशाच्या यादीत चढलं. भाषा न कळताही लोकांनी ते घेतलं. शब्द बदलल्याशिवाय चाललं नसतं, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

त्यांच्या संगीताला बाहेरून मान मिळाला तो फार उशिरा. १९६४ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तीन केजन वादक नेले गेले, त्यात ड्युई बाल्फा होता. जाण्याआधी त्यांच्याच भागातल्या वर्तमानपत्रानं नाक मुरडलं होतं की असलं गावठी संगीत बाहेर कशाला दाखवायचं. बाल्फानं नंतर सांगितलं की आपण एकावेळी दोनशे माणसंही कधी पाहिली नसतील आणि तिथे सतरा हजार होती. ती सतरा हजार माणसं उभी राहिली. तो परत आला तो आपली बोली आणि आपलं फिडल याबद्दल बोलायची हिंमत घेऊन. १९६८ मध्ये लुइझियानानं फ्रेंच टिकवण्यासाठी सरकारी संस्था काढली. ज्या भाषेबद्दल मारलं, तीच शिकवायला मास्तर परदेशांतून आणावे लागले.

हे सगळं मी पुस्तकी समजत होतो. एकदा जहाजाचं कॉन्ट्रॅक्ट न्यू ऑर्लिन्सला संपलं, परतीच्या विमानाला चार दिवस होते. बसनं केजन मुलखातल्या लाफायेटला गेलो, तिथून यूनिस या गावाला. शनिवारी सकाळी तिथल्या एका वाद्यांच्या दुकानात गावातले वादक जमतात, गोल करून खुर्च्या टाकतात, ज्याला यायचं त्यानं यावं. दाराशी टेबलावर भात आणि डुकराच्या मांसाचं गरम सॉसेज कापून ठेवलेलं, त्याला बुदाँ म्हणतात. मी तोंडात टाकलं आणि मला आमच्या शेजारणीच्या घरचा चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, घातलेला पुलाव आठवला. मसाला वेगळा, पण माणसाचा हात तोच. मला कुणीतरी बास दिला. मी नवखा, म्हणून फर्माइश विचारली. मी ‘जंबालाया’ म्हणालो, दुसरं सुचलं नाही.

फिडलवरचा म्हातारा हसला, नाही म्हणाला नाही. सुरुवात केली. चाल तीच, मी सा-प, सा-प धरलं. मग तो गायला लागला तर एकही शब्द ओळखीचा नाही. मला वाटलं गाण्याचं फ्रेंच भाषांतर करतोय. समोर बाकावर दोन वयस्क बायका बसल्या होत्या. गोव्यात या गाण्याला जे होतं ते झालं नाही. त्या उठल्या नाहीत. एकीनं दुसरीच्या मनगटावर हात ठेवला होता आणि दोघींचे ओठ हलत होते. पाय मात्र दोघींचे चालू. गाणं संपल्यावर शेजारच्या त्रिकोणवाल्यानं मला इंग्रजीत अर्थ सांगितला: ती टेक्सासला गेली. मी गोव्यात वीस वर्षं हीच चाल वाजवत होतो आणि त्यातून कोण गेलंय हे मला माहीत नव्हतं.

एक गैरसमज इथे होऊ नये. त्यांची नाचाची गाणी बहुतेक अशीच असतात: सोडून गेलेली बायको, अनाथ पोर, एकट्याचा रस्ता, आणि त्यावर जोरात टू-स्टेप नाच. रडत नाचणं त्यांना विसंगत वाटत नाही. त्यामुळे तुम्ही नाचलात म्हणून कुणाचा अपमान झाला नाही. नाचासाठीच ती चाल आहे.

आपल्याकडे हे गाणं इतकं का रुजलं, याबद्दल माझा अंदाज जेवणापाशी जातो. १९६८ च्या सुमारास उषा उत्थुप यांनी, तेव्हाच्या उषा अय्यर यांनी, ‘जंबालाया’ रेकॉर्ड केलं आणि ते आपल्या देशात चांगलं खपलं. भायखळ्यात वाढलेली ही मुंबईची मुलगी, साडी नेसून गाणारी, तिच्या आवाजात ते अगदी इथलं झालं. गोव्यात तर ते परकं वाटायचं कारणच नव्हतं. भात आहे, सुंगटं-कुर्ल्या आहेत, चोरीस आहे, खाजन शेतांतलं संथ पाणी आणि काठीनं रेटायची होडी आहे. गंबो या शब्दाचं मूळसुद्धा आफ्रिकेतल्या भाषांत भेंडीच्या नावात आहे, आणि भेंडी घातलेला गंबो मी खाल्लाय, आमच्या आईला दिला असता तर तिनं कोकम नाही का घातलं एवढंच विचारलं असतं. गाण्यातल्या घरात आम्ही पाहुणे म्हणून शिरलो आणि ओळखीचं ताट पाहून बसलो.

पण गोव्याच्या माणसाला त्या बाईंची बाजूही समजायला हवी आणि मला ती समजते. सिनेमात गोंयकार कसा दाखवतात ते तुम्ही पाहिलंय. टोपी, हातात बाटली, मोडकं हिंदी, आणि पाठीमागे गिटार. दाखवणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला आम्ही आवडतोच. सुट्टीला येतो, जेवतो, नाचतो आणि परत जाऊन तेवढंच सांगतो. माझा बाप खाण कंपनीत हिशेब लिहायचा, संध्याकाळी भजनाला पेटीवर बसायचा. त्या सिनेमातलं कुणी मला आमच्या घरी भेटलं नाही. थिएटरात लोक हसले की मीही हसायचो, गाण्यावर पाय हलायचा, आणि बाहेर आल्यावर मित्राला म्हणायचो, हे आमचं नाही रे. अगदी हेच शब्द. त्या बाईंनी तुम्हाला दुसरं काही सांगितलेलं नाही.

मग हे गाणं वाजवायचं की नाही? मी वाजवतो. मात्र यूनिसहून आल्यापासून एक बदल केलाय. आमच्या सेटमध्ये सुरुवातीला सोळा बार शब्दांशिवाय फिडल ठेवतो, आमच्याकडे व्हायोलिनवाला चांगला आहे, आणि त्याला सांगितलंय की गिलरीच्या तबकडीसारखं ओढून, खरखरीत वाजव. कुणाच्या ते लक्षात येत नाही, एमसी, म्हणजे सूत्रसंचालक, आपला बोलत असतो. पण चाल आधी तिच्या स्वतःच्या आवाजात उभी राहते आणि मग हँकचं जेवण येतं. तुम्ही स्वतः गिटार वाजवत असाल तर एवढंच सांभाळा: वेग वाढवू नका, जी सेव्हनवरचे चार बार पुरे होऊ द्या, मध्ये एफ कॉर्ड घुसडू नका. पुष्कळ जण घालतात, गोड लागते, पण त्या दोन चाव्यांच्या वाद्यातून ती येत नाही.

आणि ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. हँकचं १९५२ चं पुन्हा एकदा, पण या वेळी गाण्याकडे नाही, हेल्म्सच्या स्टील गिटारकडे कान देऊन. मग लगेच चक गिलरीचं ‘ग्रँड टेक्सास’. मग १९२८ चं जो फाल्कन आणि क्लेओमा यांचं ‘आलाँ आ लाफायेट’, केजन संगीताची पहिली तबकडी, नुसतं अकॉर्डियन, गिटार आणि दूरवरून हाक मारल्यासारखा आवाज. तीनही मिळून दहा मिनिटं लागणार नाहीत.

पुढच्या वेळी ह्यूस्टनला जाल तेव्हा त्या बाईंना जेवायला बोलवा आणि ‘ग्रँड टेक्सास’ लावा. गाण्यातली ती बाई जिथे निघून गेली, त्याच टेक्सासात तुमच्या शेजारीणबाई आज राहतात, आणि तुमची मुलगीही. काही न बोलता लावा, आवाज बेताचा ठेवा. त्यांना शब्द येत असतील तर दुसऱ्या ओळीला कळेल. मग गाणं संपल्यावर त्यांना विचारा की त्यांच्या घरातलं पहिलं कोण इकडे आलं होतं.